माफ केलेलं कर्ज शेवटी कुणाच्या नावे पडतं?

एप्रिलातला शुक्रवार. नवापूर तालुक्यातल्या एका गावात दुपारी बारा ते तीन मी पत्र्याच्या मंडपात बसून होतो. बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडायला तयार नाही. मंडपात मावची बोलीतली गाणी, मधूनमधून मराठीत शास्त्रवाचन, आणि पाळीपाळीने उठून बोलणारे सात जण. येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी एकेकाच्या वाट्याला एकेक. आपण ज्याला गुड फ्रायडे म्हणतो, त्याला मराठी ख्रिस्ती माणसं उत्तम शुक्रवार म्हणतात. माझा एक जुना सहकारी त्या गावचा. त्याच्या आग्रहामुळे गेलो होतो.

सोबत पुतण्या होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. परतताना विसरवाडीला चहाला थांबलो, तेव्हा त्याने कप खाली ठेवत विचारलं, "काका, देव सगळं करू शकतो ना? मग 'जा, माफ केलं' एवढं म्हणून मोकळं व्हायचं. त्यासाठी पोराला खिळे कशाला ठोकू द्यायचे?"

धर्मशास्त्र हा माझा प्रांत नाही. आमच्या घरी श्रावणात कानबाई बसते आणि ती यापुढेही बसेल. पण शिंदखेडा तालुक्यात विकास सोसायटीचा गटसचिव म्हणून माझी हयात खतावणी, म्हणजे खातेदारांची खातेवही, लिहिण्यात गेली. २००८ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ची आणि २०१९ची राज्याची, अशा तिन्ही याद्या माझ्या हाताखालून गेल्या. आता कर्जमाफीचा विषय निघाला की गावात जे प्रश्न पडतात, जवळपास तेच पुतण्याने देवाला लावले होते. म्हणून त्या सहकाऱ्याला पुढे बरेच दिवस छळलं, बायबल वाचलं आणि जे समजलं ते इथे मांडतो आहे.

शब्द तेच, अर्थ उलटे

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. तारण म्हटलं की माझ्यासारख्याला सोनं आठवतं. कर्जापोटी गहाण ठेवतात ते तारण. ख्रिस्ती मराठीत मात्र तारण म्हणजे सुटका, पापातून आणि मरणातून. एकात वस्तू अडकते, दुसऱ्यात माणूस सुटतो.

प्रायश्चित्ताचंही तसंच. आपल्याकडे ज्याने चूक केली तोच प्रायश्चित्त घेतो, दुसऱ्या कुणी घेतलं तर त्याला अर्थ नाही. मराठी बायबलात मात्र येशू हाच आमच्या पापांबद्दलचं प्रायश्चित्त आहे असं योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, छापताना चूक झाली.

कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं. आणि पाप म्हणजे नुसती चोरीमारी नव्हे, तर देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेलं नातं मोडणं. खोटं माप, मजुराची बुडवलेली मजुरी, भावाशी धरलेला अबोला, सगळं त्यात येतं. एवढे शब्द पुरेत.

प्रार्थनेतलं ऋण

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत एक ओळ आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या ग्रंथांना शुभवर्तमान म्हणतात; त्यांपैकी मत्तयाच्या शुभवर्तमानात तिचा आशय असा: आम्ही आमच्या ऋणकोंना ऋण सोडलं आहे, तसं तू आमचं ऋण सोड. तीच प्रार्थना दुसरा शुभवर्तमानकार लूक देतो तेव्हा 'ऋण'च्या जागी 'पाप' लिहितो. हा विसरभोळेपणा नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता, तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालायचा.

त्या समाजाला कर्ज म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. कर्ज फिटलं नाही तर माणूस बायकापोरांसकट विकला जायचा. म्हणूनच जुन्या करारात, म्हणजे यहुदी लोकांचा जो धर्मग्रंथ ख्रिस्ती बायबलाचा पहिला भाग आहे त्यात, दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याचा नियम सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यायची, असाही नियम आहे. आखाजीला उचल घेऊन सालदार राहिलेला आणि दर वर्षी उचल फिटत नाही म्हणून पुन्हा त्याच मालकाकडे राहणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला 'ऋण सोड' या दोन शब्दांचं वजन कळेल.

इंद्रायणीत गेलेले कागद

२०१७ला चावडीवर हिरवी यादी, म्हणजे माफीला पात्र ठरलेल्यांची यादी, वाचून दाखवली तेव्हा मागून एका म्हाताऱ्या बाबाने विचारलं होतं, "मंग भरस कोन?" सगळे हसले. खरं तर त्या दिवशी चावडीवर तोच एक कामाचा प्रश्न विचारला गेला.

खतावणीत 'माफ' नावाचा रकानाच नसतो. शेतकऱ्याच्या नावे दीड लाख दिसत होते, ते शून्य व्हायला दीड लाख कुठून तरी जमा व्हावे लागतात. ते सरकारी तिजोरीतून आले, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. कर्ज नाहीसं झालं नाही, ते फक्त जागा बदलून बसलं.

पण माफीचा आणखी एक प्रकार असतो आणि मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडून येणं होतं. दुष्काळात सगळं होरपळल्यावर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, अशी कथा आहे. अर्धे कागद धाकट्या कान्होबाला दिले आणि स्वतःच्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, कारण दुसऱ्याचं येणं माफ करायचा अधिकार कुणालाच नसतो. ऋणको सुटले आणि नुकसान ज्याने सोडलं त्याच्याच घरात राहिलं. इथे मधे तिजोरी नाही. ज्याचं येणं होतं तोच बुडाला.

माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे आहे. देव हा कर्जमाफी जाहीर करणारं सरकार आहे असं ते म्हणत नाहीत. ज्याचं येणं होतं त्यानेच तोटा स्वतःच्या नावे लिहून घेतला आणि तो क्रूस म्हणजे ती नोंद, असं ते म्हणतात. हे पटो न पटो, निदान ते काय म्हणतात हे नीट ऐकायला हवं. आपण बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची माफी डोक्यात ठेवून दुसरीवर टीका करतो.

नुसतं सोडून दिलं असतं तर?

पुतण्याचा प्रश्न हाच होता. त्याची मोटारसायकल मित्राने नेली आणि हेडलाइट फोडून आणली. पुतण्या म्हणाला, जाऊ दे यार. छान. पण गॅरेजवाल्याने 'जाऊ दे' म्हटलं नाही. आता तो खर्च एक तर मित्र करणार, नाही तर पुतण्या, नाही तर गाडी आंधळी फिरणार. चौथा मार्ग नाही.

पैशाचं नसलं तरी हेच असतं. सोयऱ्याने लग्नात चारचौघांत अपमान केला. त्याला माफ करायचं म्हणजे तोंडात आलेलं उत्तर गिळायचं, चार ठिकाणी त्याची निंदा करायची संधी सोडायची, पुढच्या कार्यात त्याला मानाने बोलवायचं. दर वेळी आतून काहीतरी जातं. ज्याला क्षमा करताना काहीच गेलं नाही, त्याचं मुळात नुकसान झालं नव्हतं किंवा त्याला त्या माणसाचं काही पडलेलं नव्हतं.

न्यायाची बाजू अजून कडक आहे. दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणाऱ्याने एखाद्या घरचं पोर चिरडलं आणि न्यायाधीश म्हणाला, जा बाबा, मी दयाळू आहे. त्या पोराच्या आईला ही दया वाटेल का? तिला ऐकू येईल ते एवढंच, की तुझ्या पोराची किंमत काही नव्हती. 'सोडून देणं' आणि 'क्षमा' यांत हाच फरक आहे. सोडून देणारा म्हणतो, फार काही झालं नाही. क्षमा करणारा आधी म्हणतो, झालं, आणि भयंकर झालं. ख्रिस्ती माणसाला क्रुसात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. पाप इतकं महाग होतं आणि तरी तुला सोडलं आहे.

बोकड कशाला लागतो?

आपल्याकडे नवसाचा बोकड असतो. पोरगा झाला, विहिरीला पाणी लागलं, की देवीला द्यायचा. हा सरळ व्यवहार आहे, तू दिलंस म्हणून मी देतो. त्यामुळे 'येशूचं बलिदान' म्हटलं की आपल्याला वाटतं, रागावलेल्या देवाला शांत करायला दिलेला हा मोठा बळी.

जुन्या करारातले यज्ञ वाचले तर चित्र थोडं वेगळं निघतं. एका स्तोत्रात देवच म्हणतो, मला भूक लागली तर ती तुम्हाला कशाला सांगू, सगळी जनावरं माझीच आहेत. गरिबाला बोकड परवडत नसेल तर दोन पारवे चालतात, तेही नसतील तर पापार्पण म्हणून मापभर पीठसुद्धा चालतं. होशेय आणि मीखा हे संदेष्टे स्पष्ट सांगतात, यज्ञापेक्षा दया हवी, न्याय हवा. म्हणजे देवाचं पोट भरणं किंवा त्याला लाच देणं हा हेतू नव्हता. पापाची किंमत जीव आहे, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून ती रीत होती.

वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दोन बोकड आणत. एक कापला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक, म्हणजे त्यांचा पुरोहित, सगळ्या लोकांची पापं कबूल करी आणि मग तो बोकड जिवंत रानात सोडून देत. आपण 'बळीचा बकरा' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कापलेला बोकड असतो. लेवीय या ग्रंथात मात्र पापांचं ओझं वाहणारा बोकड कापत नाहीत, तो दूर निघून जातो आणि परत येत नाही.

नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागात, दिशाच उलटी होते. माणसाने देवाला बळी द्यायचा नाही, देवच स्वतःला देतो. आणि एकदाच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सारा रोख त्या 'एकदाच'वर आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर यहुद्यांचे पशुयज्ञही थांबले. ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षरस असतो, सुरी नसते.

जाता जाता एक. मराठीत 'बळी' म्हणजे कापला जाणाराही आणि राजाही. ज्या जोतिरावांच्या नावाने २०१९ची कर्जमुक्ती योजना आली, त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं होतं. त्यांना तो वामनाने दाबलेल्या राजासारखा दिसला. पाळकांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंना, हे किती पटेल ठाऊक नाही, मला ते फार मराठी वाटतं.

निरपराध्याला शिक्षा, हा कुठला न्याय?

हा खरा अवघड आक्षेप आहे. इथे माझी खतावणी कमी पडते. तुमचं कर्ज मी भरू शकतो, बँकेला पैशाशी मतलब. पण तुमची जन्मठेप मी भोगू शकत नाही. उद्या कुणी म्हणालं की खुन्याऐवजी मला फाशी द्या, तर कोर्ट त्याला वेड्यात काढेल. सोळाव्या शतकातल्या सोसिनस नावाच्या इटालियन विचारवंताने नेमका हाच मुद्दा मांडला होता. तो स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होता. खुद्द बायबलात, यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात, बापाचं पाप मुलाच्या माथी मारायचं नाही असं बजावलं आहे.

यावर मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं असं की इथे तिसरा माणूस पकडून आणलेला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत. त्याला त्रैक्य म्हणतात. म्हणजे क्रुसावर जो आहे तोच न्यायासनावर आहे, आणि तो स्वखुशीने गेला आहे. काही उत्साही प्रवचनकार 'संतापलेला बाप आणि मार खाणारा पोरगा' असं चित्र रंगवतात. माझ्या सहकाऱ्याला ते ऐकवत नाही. येशूचा प्रेषित पौल लिहितो की देव स्वतः ख्रिस्ताच्या ठायी असून जगाचा आपल्याशी समेट करत होता. बाप एकीकडे आणि पोरगा दुसरीकडे, अशी फोड त्यात बसत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त जवळचं वाटलं, कारण ते आमच्या दप्तरातलं आहे. सातबाऱ्यावर बापाच्या कर्जाचा बोजा इतर हक्कात चढलेला असतो. पोराने रुपया घेतलेला नसतो, पण जमीन त्याच्या नावावर आली की बोजाही येतो. आदमपासून माणसाला लागलेलं पापाचं ओझं ख्रिस्ती लोक काहीसं असंच समजतात. मग एकत्र कुटुंबाचा कर्ता बदलला, नव्या कर्त्याने भरणा केला, तर घरातल्या सगळ्यांचा बोजा उतरतो. तिथे कुणी म्हणत नाही की भरणारा वेगळा, सुटणारे वेगळे. घर एक आहे. येशू हा नवा कर्ता आणि श्रद्धेने त्याच्या घरात आलेली माणसं ही त्याच्या कुटुंबातली, असं पौलाच्या रोमकरांस पत्रातलं म्हणणं मी माझ्या भाषेत आणतो आहे.

याच पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं एक छोटं पत्र आहे, तुरुंगातून पाठवलेलं. फिलेमोनाचा दास अनेसिम घरातून निघून गेला होता. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो की त्याच्याकडून तुझं काही येणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. वाचता वाचता मला आमचा जामिनाचा कागद दिसायला लागला. येशूलाही इब्री पत्रात 'जामीन' म्हटलं आहे. गावात जामीन कोण राहतो? अनोळखी माणूस कधीच राहत नाही. ज्याचं नातं आहे तोच सही करतो.

एवढं होऊनही मी म्हणेन, आक्षेप पुरता मिटत नाही. अपराध आणि कर्ज या अगदी एक गोष्टी नाहीत.

ख्रिस्ती लोकांचंही एकमत नाही

ही गोष्ट बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. येशू आमच्यासाठी मेला, हे सगळे मानतात. पण ते काम कसं झालं याचा एकच सिद्धांत जुन्या सार्वत्रिक धर्मसभांनी ठरवून दिलेला नाही. सुरुवातीच्या शतकांत भर होता तो विजयावर आणि खंडणीवर. सैतानाच्या ताब्यातल्या माणसांना सोडवून आणलं, असं. (मराठी बायबलात 'खंडणी' हाच शब्द आहे. आज तो वाचला की गुंड आठवतात, पण इथे अर्थ सुटकेची किंमत.) ही खंडणी दिली कुणाला, सैतानाला? छे, असं चौथ्या शतकातच नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्माचार्याने ठणकावलं. अकराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचे आर्चबिशप अँसेल्म यांनी देवाचा मान आणि त्याचं देणं या भाषेत मांडणी केली. त्यानंतर आबेलार हा फ्रेंच धर्मपंडित म्हणाला, क्रुसावरचं प्रेम पाहून माणूस पालटतो, तेच महत्त्वाचं. सोळाव्या शतकात कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने कोर्टाची भाषा पक्की केली. तो मुळात कायदा शिकलेला होता, हे मला अजिबात आश्चर्याचं वाटलं नाही.

नंदुरबार-नवापूर पट्ट्यात जे स्वीडिश मिशनरी आले ते प्रोटेस्टंट. त्यामुळे आपल्याकडे न्यायालय, दंड, सुटका हीच भाषा जास्त कानावर पडते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला ती परकी वाटते. त्यांच्या बोलण्यात आजार आणि उपचार जास्त येतो.

म्हणजे पाप करा आणि रविवारी माफी मागा?

कर्जमाफीवरचा हा नेहमीचा टोमणा, लोकांना सवय लागते. येशूनेच यावर एक गोष्ट सांगितली आहे. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आज मजुरी ३०० रुपये धरली तर हे देणं १,८०० कोटी रुपये होतं. चाकर पाया पडून म्हणतो, सांभाळून घ्या, सगळं फेडतो. (थकबाकीदाराचं हे वाक्य दोन हजार वर्षांत बदललेलं नाही.) राजाला कळवळा येतो, तो सगळं सोडतो. बाहेर पडल्यावर चाकराला सोबतचा चाकर भेटतो, त्याच्याकडे शंभर दिनार येणं आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने ३०,००० रुपये. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो. राजाला कळतं, आणि माफी रद्द होते.

तेव्हा माफी बिनशर्त मिळते, पण ती ज्याच्यात उतरली त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावर राहू शकत नाही. जक्कय नावाचा जकातदार होता. येशू त्याच्या घरी मुक्कामाला गेला, कसलीही अट न घालता. जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. भरपाई माफीनंतर आली, माफीची किंमत म्हणून नाही. कॅथलिक परंपरेत पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी पायरीच आहे. हिटलरच्या राजवटीने एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन पाळक बोनहोफर, पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या माफीला स्वस्त कृपा म्हणायचा.

आपल्याकडच्या कर्मविचाराशी इथे फरक पडतो. कर्मात ज्याचं त्याने फेडायचं, तिथे जामीनदार नसतो. पण म्हणून ही कल्पना आपल्याला अगदीच उपरी आहे असंही नाही. पतितपावन म्हणून विठ्ठलाला हाक मारणारा वारकरी स्वतःच्या खात्यावरच्या शिलकीच्या भरवशावर हाक मारत नसतो.

क्षमा केली म्हणजे केस मागे घ्यायची का?

नाही. हे ठळकपणे सांगायला हवं, कारण सासरी मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, देव बघतोय' म्हणून परत पाठवणारे सगळ्याच धर्मांत आहेत. आपल्या कायद्यातही भेद आहे. काही गुन्हे तडजोडीने मिटवता येतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये त्यांची यादी आहे. खून त्या यादीत नाही. तिथे फिर्यादी घरचे असले तरी खटला सरकारचा असतो. मनातला सूड सोडणं हे माणसाचं काम, शिक्षा ठरवणं हे राज्याचं. पौलही रोमकरांस पत्रात आधी सूड घेऊ नका म्हणतो आणि लगेच पुढे शासनाच्या हातातल्या तलवारीबद्दल बोलतो.

सातपुड्यापलीकडचंच उदाहरण आहे. केरळातून आलेल्या राणी मारिया नावाच्या कॅथलिक सिस्टर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या पाशातून लोकांना बाहेर काढणं हाच त्यांचा उद्योग, आणि तोच काहींना खुपला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय ४१. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनी साथ दिली, २००६ मध्ये तो सुटला. केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईनेही त्याला जवळ केलं. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आलं. कॅथलिक चर्चमध्ये ही संतपदाच्या आधीची पायरी आहे.

यात खटला मागे घेतलेला नाही. तो माणूस अकराएक वर्षं आत होता. आणि क्षमा केली ती बहिणीने आणि आईने, ज्यांचं गेलं होतं त्यांनी. पाळकाने, पंचांनी किंवा शेजाऱ्याने त्यांच्या वतीने केली नाही. कान्होबाचे कागद कान्होबाचेच.

आणि ज्याने नियमित भरलं त्याचं काय?

२०१७ला यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी माझ्या टेबलाशी आला. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. कापसाची कोरडवाहू जमीन, पण ३१ मार्च कधी चुकला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने वीस-बावीस वर्षांच्या पावत्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. "भाऊसाहेब, ह्या पावत्या ल्या. माले बी थकबाकीदार करी टाका."

नियमित भरणाऱ्यांना २५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन होतं, ते मी सांगितलं. तो पैशासाठी आला नव्हता.

येशूच्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत हा आप्पा आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटा मागतो, उधळतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा परततो. बाप धावत जाऊन मिठी मारतो, त्याला झगा आणि अंगठी घालतो, पोसलेलं वासरू कापतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत जात नाही. प्रवचनांत थोरल्याला बहुतेक झोडपतात, मनाचा कोता म्हणून. पण लूकने सुरुवातीलाच लिहिलं आहे की बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली होती. धाकट्याचा वाटा उडाला. म्हणजे आता घरात जे काही उरलं होतं, ते वासरू, तो झगा, ती अंगठी, सगळं थोरल्याच्या वाट्यातलं होतं. बापही त्याला तेच सांगतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. खतावणीच्या हिशेबाने थोरल्याचा राग बरोबर आहे. धाकट्याच्या माफीचा खर्च त्याच्याच नावे पडत होता.

मी हे सहकाऱ्याला म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आमचं म्हणणं एवढंच, की एक थोरला भाऊ असा झाला, ज्याने हिशेब बघून आपल्या वाट्यातून दिलं आणि आत गेला. गोष्टीतला थोरला मात्र अंगणात उभा आहे आणि बाप त्याला विनवतो आहे. तो आत गेला की नाही, ते लूकने लिहिलेलं नाही.

आप्पाने त्या दिवशी पावत्या पुन्हा पिशवीत भरल्या. पुढच्या मार्चमध्ये आला, भरणा केला. पावती घडी करून खिशात ठेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.